तारीख विचारावी की जागा?

मुंबईतून निघून जगाच्या कायद्यात पोहोचलेल्या निकालांची यादी केली, तर फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्याचे नाव त्यात अगदी वर येईल. ज्या माणसांमुळे तो निकाल लागला त्यांच्या पदरात मात्र त्यातून फारच थोडे पडले. १० जुलै १९८५ रोजी, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाच्या वतीने तो दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे, कारण पोट भरण्याचे साधन काढून घेणे म्हणजे जगणे काढून घेणे, हे त्यातले तत्त्व आज कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. निकालाची शेवटची पाने, म्हणजे प्रत्यक्षात कोणाला काय मिळाले हे सांगणारा आदेश, तितका वाचला जात नाही. उपनगरांत गेली चाळीस वर्षे जे घडते आहे त्याचे मूळ मात्र त्या शेवटच्या पानांत सापडते.

हा खटला सुरू झाला १९८१ च्या पावसाळ्यात. १३ जुलैला तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की, फुटपाथवर राहणाऱ्या सर्वांना हटवून आपापल्या गावी पाठवले जाईल. निकालपत्रात या माणसांची ओळख करून दिलेली आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. एक जण तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळामुळे १९६१ मध्ये मुंबईत आला, दहिसरच्या रसायन कारखान्यात २३ रुपये रोजावर लागला आणि पश्चिम द्रुतगती मार्गालगतच्या फुटपाथवर प्लॅस्टिक व ताडपत्रीच्या आडोशासाठी त्याने झोपडीदादाला अडीच हजार रुपये मोजले. दुसरा संगमनेरचा चर्मकार. गावात सात-आठ रुपये रोज मिळत होते, राहते घर पडले, म्हणून १९६९ मध्ये मुंबईला आला आणि बदली कामगार म्हणून महिना साडेतीनशेवर लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी तिथल्या गुंडाला तीनशे, बांबू आणि प्लॅस्टिकला सातशे. याच खटल्याला विलेपार्ल्याजवळच्या कामराज नगरचीही जोड होती. द्रुतगती मार्गालगत जलवाहिनी टाकणाऱ्या कंपनीच्या मजुरांनी १९६० च्या सुमारास वसवलेली ही पाचशेहून अधिक झोपड्यांची वस्ती. तिथे राहणाऱ्यांत महापालिकेचेच कर्मचारी होते, हॉटेल आणि कारखान्यातले कामगार होते. सेलमच्या मजुराचा आडोसा २३ जुलै १९८१ ला तोडण्यात आला आणि सगळ्या कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवले गेले. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो कामासाठी परतला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला.

महापालिकेची भिस्त होती १८८८ च्या महापालिका कायद्यातील कलम ३१४ वर. रस्त्यावरचे अतिक्रमण नोटीस न देता काढण्याची मुभा ते आयुक्तांना देते. शिवाय उच्च न्यायालयात या लोकांनीच फुटपाथवर राहण्याचा हक्क सांगत नाही असे कबूल केले होते, मग आता तक्रार कसली, हाही मुद्दा होता. घटनापीठाने तो धुडकावला. मूलभूत हक्क कबुलीजबाबाने सोडून देता येत नाहीत, असे सांगितले. मग उपजीविकेच्या तत्त्वाची मांडणी आली. ती करताना चंद्रचूडांनी थेट अमेरिकेतला आधार घेतला. काम करण्याचा हक्क हे माणसाचे सर्वांत मोलाचे स्वातंत्र्य आहे, असे न्या. विल्यम डग्लस यांनी १९५४ च्या बार्स्की खटल्यात म्हटले होते. गंमत अशी की, डग्लस त्या खटल्यात अल्पमतात होते. वॉशिंग्टनमध्ये हरलेले मत तीस वर्षांनी दिल्लीत, मुंबईच्या फुटपाथसाठी, एकमताने जिंकले. परदेशी निकालांचा उल्लेख आला की नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. भारतीय न्यायालयाला परदेशी निकाल बंधनकारक नाहीत, पण त्यातले तर्क पटले तर ते घेण्याची सवय आपल्याला जुनी आहे.

आता शेवटची पाने. कलम ३१४ वैध ठरले, फक्त सर्वसाधारणपणे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय ते वापरू नये, असा त्याचा अर्थ लावला गेला. या याचिकाकर्त्यांना मात्र नव्याने सुनावणी मिळाली नाही, कारण आयुक्तांनी नाकारलेली संधी आपणच त्यांना भरपूर दिली आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतात, म्हणून झोपड्या हटवायला हरकत नव्हती. फक्त पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, थांबायचे होते. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली त्यांना मालाडच्या मालवणीत किंवा सरकारला सोयीच्या वाटेल अशा दुसऱ्या ठिकाणी जागा द्यावी. वीस वर्षांहून जुन्या, सुधारणा झालेल्या वस्त्या सार्वजनिक कामाला जमीन लागल्याशिवाय हटवू नयेत. आणि पर्यायी जागा देणे ही हटवण्याची पूर्वअट नाही.

इथेच निकाल स्वतःच्या तर्कापासून दूर जातो. माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचे काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर असते, हे न्यायालयाने आधी तपशिलात मान्य केलेले आहे. लोक तिथे हौसेने राहत नाहीत, दूर राहून प्रवासावर पैसा आणि वेळ घालवणे त्यांना परवडत नाही, हे त्याच निकालात आहे. हे खरे असेल तर ‘किती दूर?’ हा प्रश्न पुनर्वसनाच्या मुळाशी यायला हवा होता. उपजीविका म्हणजे जीवन, हे एकदा म्हटल्यावर उपजीविकेपासून तोडणारी जागा हा पर्याय ठरू शकत नाही. न्यायालयाने तो प्रश्न सोडून दुसराच विचारला: तुम्ही इथे कधीपासून आहात? १९७६ चे कार्ड आहे का? वीस वर्षे झाली का?

हा ‘कधीपासून’ नंतर महाराष्ट्राच्या झोपडपट्टी धोरणाचा कणाच झाला. १९७१ चा झोपडपट्टी कायदा होताच. पुढे १ जानेवारी १९९५ ही संरक्षणाची तारीख आली, ती १ जानेवारी २००० पर्यंत सरकली, त्यानंतर सशुल्क पुनर्वसनासाठी १ जानेवारी २०११. कोणत्याही वस्तीत जाऊन विचारा, लोक स्वतःची ओळख ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी करून देतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हाच प्रकार न्यायालयाच्या आदेशाने झाला. पर्यावरणवाद्यांच्या १९९५ च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी उद्यानातली अतिक्रमणे काढायला सांगितले. जंगल वाचवण्याचा हेतू योग्यच होता, आणि ते जंगल शिल्लक आहे याचे श्रेय त्या आदेशाला द्यावेच लागेल. पण पुनर्वसनाची चाळणी पुन्हा तारखेचीच होती. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव असेल आणि सात हजार रुपये भरता येत असतील, तर जागा. ती जागा आधी ठरली कल्याण तालुक्यात. बोरिवली, कांदिवली, मुलुंडच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बाईने कल्याणहून रोज कसे यायचे, याला चाळणीत स्थान नव्हते. चांदिवलीतल्या इमारती पुढे आल्या, तोवर पाडकामाची मोठी मोहीम होऊन गेली होती.

दक्षिण आफ्रिकेत हाच प्रश्न वेगळ्या दाराने न्यायालयात आला. केप टाऊनजवळच्या वॉलसडीन वस्तीतली माणसे दलदलीला कंटाळून शेजारच्या मोकळ्या जमिनीवर गेली, तिथून त्यांना हुसकावण्यात आले, आणि आयरीन ग्रूटबूम यांच्या नावाने खटला उभा राहिला. ४ ऑक्टोबर २००० रोजी तिथल्या घटना न्यायालयाने न्या. झॅक याकूब यांच्या लेखणीतून सांगितले की, मागेल त्याला घर देणे सरकारला बंधनकारक नाही. मात्र ज्यांच्या डोक्यावर आज काहीच नाही त्यांच्यासाठी ज्या गृहनिर्माण योजनेत काहीच नाही, ती योजना वाजवी म्हणता येणार नाही. पुढे १ ऑक्टोबर २००४ च्या पोर्ट एलिझाबेथ महापालिकेच्या खटल्यात याला धार आली. एका उपनगरातल्या खासगी जमिनीवर राहणाऱ्या ६८ जणांना, त्यात २३ मुले होती, हटवा म्हणून १,६०० शेजाऱ्यांनी सह्यांचा अर्ज दिला होता. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या पत्रांची आठवण व्हावी असाच हा अर्ज. महापालिका त्यांना ज्या ठिकाणी पाठवत होती तिथे गर्दी आणि गुन्हेगारी असल्याचे त्यांचे म्हणणे होते, शिवाय तिथूनही उद्या हुसकावणार नाहीत याची खात्री नव्हती. न्या. आल्बी सॅक्स यांनी हटवण्याला परवानगी नाकारली, कारण महापालिकेने या माणसांशी बसून बोलण्याचा, मध्यस्थीचा प्रयत्नच केला नव्हता. त्या जागेवर मालकी कोणाची यावर तिथे वाद नव्हताच. न्यायालयाला हवे होते ते ‘कुठे जाणार’ याचे उत्तर.

यावर पहिला आक्षेप कायदेतज्ज्ञांचा. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत निवाऱ्याचा हक्क कलम २६ मध्ये लिहिलेला आहे, आपल्या घटनेत तो नाही, मग तुलना कशाची? तफावत खरी आहे. पण बल्गेरियाचे उदाहरण पाहावे. सोफियाच्या बातालोवा वोदेनित्सा भागात दशकानुदशके विनापरवाना राहणाऱ्या रोमा कुटुंबांना हटवण्याचा आदेश २००५ मध्ये निघाला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २४ एप्रिल २०१२ रोजी योर्दानोवा खटल्यात सांगितले की, तो अमलात आणला तर हक्कभंग होईल, कारण या लोकांचे पुढे काय होणार आणि कारवाई प्रमाणात आहे का, हे अधिकाऱ्यांनी पाहिलेच नाही. युरोपीय करारात निवाऱ्याचा हक्क कुठेही नाही. आहे तो फक्त घर आणि कौटुंबिक जीवन यांच्या आदराचा, कलम ८ मध्ये. म्हणजे घटनेत ओळ आहे की नाही यावर सगळे ठरत नाही. जगण्याच्या हक्काच्या ओंजळभर शब्दांतून चंद्रचूडांनी उपजीविका काढली होती, त्यातून अंतराचा प्रश्न काढणे त्याहून अवघड नव्हते. उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेचे. २८ जून २०२४ च्या ग्रँट्स पास खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने सार्वजनिक जागी झोपण्याबद्दल बेघरांना दंड करण्याची मुभा नगरपालिकांना दिली. तिथे चर्चा झाली ती हा दंड ‘क्रूर’ ठरतो का एवढीच, कारण न्यायालयापुढचा घटनात्मक प्रश्न तेवढाच होता. डग्लस यांच्या देशात त्यांचे मत आजही अल्पमतातच आहे.

दुसरा आक्षेप जास्त जोरकस आहे आणि तो उपनगरांत रोज ऐकू येतो. दहिसर-मुलुंडमधला मध्यमवर्गीय वीस वर्षे कर्जाचे हप्ते भरतो, आणि सार्वजनिक जमीन बळकावणाऱ्याला फुकट घर? सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये अल्मित्रा पटेल खटल्यात हीच भावना बोलून दाखवली: अतिक्रमण करणाऱ्याला पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देणे. (खटला दिल्लीच्या कचऱ्याचा होता, झोपडीवाले त्यात पक्षकार नव्हते.) चीड समजण्यासारखी आहे, पण हिशेब चुकतो. सेलमच्या मजुराने अडीच हजार दिले म्हणजे त्या काळच्या शंभरहून अधिक दिवसांची मजुरी दिली. फुकट कोणालाच काही मिळालेले नाही, पैसा फक्त सरकारऐवजी दादाकडे गेला. झोपडी तोडली तर हा बाजार बंद पडत नाही, त्याला नवे गिऱ्हाईक मिळते. खुद्द ओल्गा टेलिसच्या निकालपत्रात या सगळ्याला लपंडाव म्हटले आहे: पथक आले की गल्लीबोळात पळायचे, पथक गेले की पुन्हा जुन्या जागी. तारखेची चाळणी तर या बाजारात आणखी भर घालते, कारण मग जुन्या तारखेचा कागद हीच विकण्यासारखी वस्तू होते. शिवाय ‘कुठे जाणार’ विचारणे म्हणजे जमीन नावावर करणे नव्हे. नैरोबीच्या विल्सन विमानतळालगतची मितुंबा वस्ती २०११ मध्ये जमीनदोस्त झाली होती. तिच्या मितू-बेल खटल्यात केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२१ रोजी हा फरक स्पष्ट केला: सार्वजनिक जमिनीवर वसलेल्या भूमिहीनांना मालकी मिळत नाही, मिळते ते निवाऱ्याचे संरक्षण. सांताक्रूझ-अंधेरीच्या विमानतळाभोवतीच्या वस्त्या पाहणाऱ्याला या निकालाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. आयरीन ग्रूटबूम २००८ मध्ये वारल्या, तेव्हाही त्या झोपडीतच राहत होत्या. म्हणजे तिथेही तत्त्व जिंकले आणि माणूस हरला. मग दक्षिण आफ्रिकेचे कौतुक कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे. ग्रूटबूमचा आदेश मोघम होता, सरकारने योजना दुरुस्त करावी एवढेच सांगणारा, कालमर्यादा न घालणारा. पण ते न्यायालय तिथे थांबले नाही. २००९ च्या जो स्लोव्हो खटल्यात लँगामधल्या हजारो रहिवाशांना सुमारे १५ किलोमीटरवरच्या डेल्फ्टला हलवायला त्याने परवानगी दिली, पण तात्पुरते घर किमान २४ चौरस मीटरचे हवे आणि मूळ जागी उभ्या राहणाऱ्या घरांपैकी ७० टक्के याच लोकांना हवीत, इतक्या बारकाईने. सरकारने ते पाळले नाही, तेव्हा २०११ मध्ये न्यायालयाने हटवण्याचा आदेशच रद्द केला. लोक जागीच राहिले. त्याच वर्षी ब्लू मूनलाइट खटल्यात जोहान्सबर्ग महापालिकेला सांगितले गेले की, खासगी मालकाने बाहेर काढलेल्यांनाही तात्पुरता निवारा तुम्हीच द्यायचा. हे सगळे आदर्श नाही. अंतराचा प्रश्न लेखी आदेशात आला की सरकारला आकड्यांत उत्तर द्यावे लागते, एवढेच यातून दिसते, आणि माझ्या मते ते थोडे नाही.

आपल्याकडे हे घडूच शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी घाटकोपर-विद्याविहारचा अनुभव पाहावा. तानसा जलवाहिनी मुलुंड, भांडुप, घाटकोपर, विद्याविहार अशी येते. तिच्या सुरक्षेसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने दोन्ही बाजूंच्या वस्त्या हटवल्या गेल्या. पात्र कुटुंबांना माहुलला घरे मिळाली. कागदावर सगळे नियमात होते: तारीख जुळत होती, चावी हातात होती, घर पक्के होते. पण माहुल तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत आहे, आणि तिथल्या हवेपासून आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. लोक न्यायालयात गेले, रस्त्यावर बसले. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की, कोणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे जागा द्या, नाहीतर भाड्यासाठी महिना १५,००० रुपये आणि अनामत म्हणून ४५,००० रुपये द्या. ‘कधीपासून’ला दिलेले उत्तर पुरेसे नाही, ‘कुठे’ हेही तपासावे लागेल, हे मुंबईतल्या न्यायालयाने इतक्या ठोसपणे प्रथमच लिहिले असे मला वाटते. दिल्ली उच्च न्यायालय तर २०१० मध्येच तिथे पोहोचले होते. सुदामा सिंग खटल्यात न्या. अजित प्रकाश शहा आणि न्या. मुरलीधर यांच्या खंडपीठाने दक्षिण आफ्रिकेचे निकाल वाचून, पाडकामाआधी रहिवाशांशी अर्थपूर्ण चर्चा हवी असे सांगितले. वस्ती रस्त्याच्या जागेवर आहे, म्हणून पुनर्वसन नाही, ही सरकारची सबब त्यांनी नाकारली. ढाक्यात उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ओल्गा टेलिसचाच आधार घेऊन वस्त्या टप्प्याटप्प्याने हटवा आणि पुनर्वसनाची योजना करा, असे म्हटले होते. आपले तत्त्व दुसऱ्यांनी पुढे नेले, ते तिकडून परत आणण्यात कमीपणा कसला?

अडचण अशी की, अलीकडचा एक मोठा निकाल नेमका इथेच अडखळतो. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी बुलडोझर कारवायांवर देशभरासाठी नियम घालून दिले: १५ दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, चित्रीकरण, आणि पाडकाम हाच एकमेव मार्ग का उरला याची कारणे अंतिम आदेशात लिहिणे. शेवटची अट फार मोलाची आहे, कारण तिच्यात सोफियाच्या खटल्यातले प्रमाणबद्धतेचे सूत्र जवळजवळ जसेच्या तसे आले आहे. पण त्याच निकालाने सांगितले की, रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा आणि नदी-जलाशय यांवरच्या बांधकामांना हे नियम लागू नाहीत. म्हणजे परवानगीपेक्षा एक मजला जास्त चढवणाऱ्या बंगल्याला पंधरा दिवस मिळतात, आणि हार्बर मार्गालगत पत्रे ठोकून राहणाऱ्याला एकही नाही. १९८५ मध्ये निदान फुटपाथवाल्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे सर्वसाधारण तत्त्व तरी होते.

यातून वाट काढायला घटनादुरुस्ती लागत नाही. ‘पाडकाम हाच एकमेव मार्ग का’ हे लिहायला लावणारा रकाना आता देशातल्या प्रत्येक नगरपालिकेच्या आदेशात असणार आहे. सार्वजनिक जागांना दिलेली सूट कमी करून त्याच रकान्याखाली आणखी दोन ओळी भरायला लावणे न्यायालयाच्या हातात आहे: या कुटुंबाला कोणती जागा देऊ केली, आणि ती कमावत्या माणसाच्या कामापासून किती किलोमीटरवर आहे. अंधेरीच्या के-पूर्व किंवा घाटकोपरच्या एन विभागातल्या अधिकाऱ्याला त्या भरायला अर्धा तास पुरेल. मालवणी, कल्याण किंवा माहुल हे शब्द लिहून झाल्यावर त्यापुढचा आकडा तोच वाचेल, आणि पुढे कधीतरी न्यायाधीशही वाचतील.